बालशिक्षणातील नेतृत्व : आत्मविश्वास आणि विश्वासार्हता यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडी, पाळणाघर किंवा पूर्वप्राथमिक केंद्राची जबाबदारी नुकतीच हाती आलेल्या, तसेच काही वर्षांपासून ती सांभाळणाऱ्या प्रमुखांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसोबतचे काम येथे गृहीत धरले आहे. या वयोगटातील नेतृत्वाची एक अडचण अशी की, ज्यांच्यासाठी सारे चालले आहे ती मुले तक्रारीचा अर्ज लिहीत नाहीत. ती रडतात, डबा उघडत नाहीत, दारातच आईला बिलगून बसतात. हे वाचता येणे ही प्रमुखाच्या अधिकाराची पहिली पायरी आहे, आणि खालील बहुतेक उत्तरे फिरून त्याच मुद्द्यापाशी येतात.

आत्मविश्वास आणि विश्वासार्हता या एकच गोष्टी नाहीत का?

नाहीत. आत्मविश्वास म्हणजे स्वतःच्या कुवतीविषयी तुम्ही बांधलेला अंदाज. विश्वासार्हता म्हणजे तुमच्याविषयी इतरांनी काढलेला निष्कर्ष. एखादी प्रमुख पालकसभेत अस्खलित बोलते, पण तिच्या शब्दावर शिक्षिका विसंबत नाहीत. दुसरीचा आवाज सभेत कापतो, तरी अडचणीच्या वेळी सगळे तिच्याच खोलीकडे वळतात. पहिलीकडे आत्मविश्वास आहे, दुसरीकडे विश्वासार्हता.

मेयर, डेव्हिस आणि शूरमन या अभ्यासकांनी 1995 साली मांडलेल्या प्रतिमानानुसार माणसे दुसऱ्यावर विश्वास ठेवताना तीन गोष्टी पाहतात : क्षमता, सद्भाव आणि सचोटी. बालशिक्षणात क्षमता म्हणजे दोन वर्षांचे मूल आणि चार वर्षांचे मूल यांच्या वागण्यातील फरक ओळखता येणे. सद्भाव म्हणजे शिक्षिकेला चूक दाखवताना तिचे भले मनात असणे. आणि सचोटी म्हणजे बोललेले करणे. तडा बहुधा तिसऱ्या ठिकाणी आधी जातो. ‘पुढच्या आठवड्यापासून दुपारच्या सत्राला मदतनीस देते’ असे सांगून ती दिली नाही, तर त्यानंतर बालविकासावर कितीही सुंदर व्याख्यान दिले तरी वर्गातल्या ताईंच्या मनात ती न आलेली मदतनीसच राहते.

आधी आत्मविश्वास यायला हवा की आधी काम?

आधी काम. अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 साली स्वकार्यक्षमतेविषयी जी मांडणी केली, तिच्यात ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार उगम सांगितले आहेत : स्वतः एखादे काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या क्षणी शरीर-मनाची असलेली अवस्था. यांपैकी पहिला उगम सर्वांत भक्कम मानला जातो. म्हणून आत्मविश्वास येईपर्यंत कठीण पालकभेट पुढे ढकलण्यापेक्षा लहान, पण पूर्ण होऊ शकणारी कामे आधी हाती घ्यावीत. एका वर्गाचे दिनक्रमपत्रक शिक्षिकेसोबत बसून सुधारणे, नव्याने आलेल्या एका मुलाच्या रुळण्याचा आराखडा पालकांशी बोलून ठरवणे, अशी ती कामे असतात.

दुसऱ्या उगमाकडे मात्र फार दुर्लक्ष होते. नवख्या प्रमुखाने अनुभवी प्रमुखाच्या पालकभेटीत (पालकांच्या संमतीने) नुसते बसून ऐकावे. राग कसा ओसरू द्यायचा आणि किती वेळ गप्प राहायचे, हे प्रशिक्षणातल्या तक्त्यांवरून कळत नाही.

आपण या पदाला लायक नाही, हे कधीतरी उघडे पडेल, अशी भीती सतत वाटते. हे नेहमीचे आहे का?

होय. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 साली कर्तबगार स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या या अनुभवाचे वर्णन केले होते. यश मिळूनही ते नशिबाने किंवा इतरांच्या गैरसमजाने मिळाले असे या स्त्रियांना वाटत राहते. बालशिक्षणात या भावनेला आणखी खतपाणी मिळते, कारण हे काम बाहेरून सोपे दिसते आणि ते करणाऱ्यांनाही कालांतराने तसेच वाटू लागते.

पण येथे थोडे सावध राहायला हवे. प्रत्येक शंका ही मनाचा खेळ नसते. तान्ह्या बाळांच्या विभागाचा अनुभव नसताना त्या विभागाचे निर्णय घ्यावे लागत असतील, तर वाटणारी अस्वस्थता योग्य माहिती देत आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे त्या विभागात जाऊन शिकणे. ‘मला काहीच येत नाही’ हे वाक्य मोडून ‘मला नेमके काय येत नाही’ असे लिहून काढले, की यादी बहुधा अपेक्षेपेक्षा लहान निघते.

कालपर्यंत ज्यांच्यासोबत शिकवत होते, आज त्यांचीच प्रमुख झाले आहे. नाते कसे सांभाळावे?

नाते बदलले आहे हे पहिल्याच आठवड्यात, प्रत्येकीशी स्वतंत्रपणे, स्पष्ट बोलावे. काहीच बदलले नाही असे दाखवण्याचा प्रयत्न सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण पहिला रजेचा अर्ज नाकारावा लागतो त्या दिवशी तो उघडा पडतो. काय तसेच राहील आणि काय बदलेल, हे दोन्ही सांगावे. मैत्री, थट्टा, एकत्र डबा खाणे राहील. इतर सहकाऱ्यांविषयी मागे बोलणे आता राहणार नाही, आणि कामाच्या मूल्यमापनात मैत्री मोजली जाणार नाही.

जिला हे पद हवे होते पण मिळाले नाही, अशी एखादी सहकारी असेल, तर तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. तिची समजूत काढत बसू नये. तिच्या ज्या गुणाचा केंद्राला उपयोग आहे, मग ते भाषाविकासाचे काम असो की विशेष गरजा असलेल्या मुलांना सामावून घेणे असो, त्या कामाची खरी जबाबदारी निर्णयाच्या अधिकारासह तिला द्यावी. नावापुरते दिलेले पद तिला लगेच ओळखू येते.

माझे वय आणि अनुभव दोन्ही कमी आहेत. जुन्या शिक्षिका ‘आम्ही हे वर्षानुवर्षे करतो आहोत’ असे म्हणतात, तेव्हा काय करावे?

त्या वाक्यातले खरे आधी मान्य करावे. शंभर मुलांना रडणे थांबेपर्यंत कडेवर घेतलेल्या ताईला जे ठाऊक असते, ते पदविकेच्या अभ्यासक्रमात सहसा नसते. त्याच वेळी शिक्षणालाही वजन आहे. इंग्लंडमध्ये 1997 साली सुरू झालेल्या आणि सुमारे 3000 मुलांचा मागोवा घेणाऱ्या पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासात असे दिसले की, जेथे कर्मचाऱ्यांची आणि विशेषतः प्रमुखाची शैक्षणिक पात्रता अधिक होती, तेथील गुणवत्ता अधिक होती आणि मुलांची प्रगतीही अधिक चांगली होती. याचा उपयोग वादात पदवी फडकवण्यासाठी करू नये. शिकलेले मुलांच्या पातळीवर आणून दाखवावे.

ते असे. एखादी जुनी शिक्षिका म्हणते, ‘हा मुलगा हट्टी आहे, गोलात बसतच नाही.’ तिला सिद्धान्त ऐकवण्याऐवजी ‘आपण दोघी आठवडाभर तो कधी उठतो एवढेच लिहू’ असे सुचवावे. पाच दिवसांनी नोंदीत दिसते की तो गोष्टीला बसतो, गाण्याला बसतो, पण ताई हजेरी घेऊ लागल्या की उठतो. आणि हजेरी बराच वेळ चालते. मग हट्ट कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारावा लागत नाही. हजेरीची पद्धत बदलते, शिक्षिकेचा मान राहतो, आणि तुमच्याविषयीचे तिचे मत तुमच्या वयावरून सरकते.

वर्गनिरीक्षणाला गेले की शिक्षिका अवघडतात आणि मलाही काय बोलावे सुचत नाही. निरीक्षणातून विश्वास कसा निर्माण होईल?

प्रमुखाची विश्वासार्हता सर्वांत जास्त येथेच घडते किंवा बिघडते, म्हणून हे उत्तर इतरांपेक्षा लांब आहे.

निरीक्षणाचा धाक बहुतेक वेळा त्याच्या विरळपणातून येतो. वर्षातून दोनदा हातात फळी-कागद घेऊन दारात उभी राहणारी व्यक्ती तपासनीस वाटणारच. तीच व्यक्ती रोज थोडा वेळ वर्गात येऊन जमिनीवर बसत असेल, मुलांचे जोडे घालत असेल, सांडलेले पाणी पुसत असेल, तर तिच्या वहीची भीती राहत नाही. बसण्याची जागाही महत्त्वाची आहे. खुर्चीवरून वर्ग दिसतो. जमिनीवरून मुलाला काय दिसते ते दिसते, म्हणजे टेबलाखाली साठलेली धूळ, फळीवर इतके उंच ठेवलेले कोडे की ते मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि शिक्षिकेचा चेहरा.

लिहिताना निष्कर्ष लिहू नयेत, घडलेले लिहावे. ‘शिक्षिका मुलांना चांगले प्रोत्साहन देते’ या वाक्याचा कोणालाही उपयोग नाही. त्याऐवजी असे लिहिता येते : चार वर्षांचा मुलगा ठोकळ्यांचा पूल बांधतो. गाडी पुलाखालून जात नाही. तो पूल उचलतो, एक खांब पडतो. शिक्षिका शेजारी बसलेली आहे. तिचा हात थोडा पुढे येतो आणि मांडीवर परत जातो. मुलगा तिच्याकडे पाहतो. ती विचारते, ‘गाडी कुठे अडते?’ तो गाडीच्या टपावर बोट ठेवतो, मग उभा ठोकळा काढून त्याहून उंच ठोकळा शोधायला जातो.

सत्रानंतर ही नोंद तिला वाचून दाखवावी आणि एकच प्रश्न विचारावा : ‘तुम्ही हात मागे घेतलात तेव्हा मनात काय होते?’ या प्रश्नातून तिच्या लक्षात येते की तुम्ही खरोखर पाहिले आहे, आणि तिने न बोलता केलेला व्यावसायिक निर्णय तुम्हाला दिसला आहे. त्या इंग्लिश अभ्यासाच्या अनुषंगाने जे वर्गातील निरीक्षण झाले, त्यात उत्तम केंद्रांचे एक लक्षण असे आढळले की तेथे प्रौढ आणि मूल मिळून एखाद्या प्रश्नावर विचार करत राहतात, आणि दोघेही त्या विचारात भर घालतात. पुलाजवळ घडले ते हेच. हे ज्ञान तुम्ही बैठकीत व्याख्यान म्हणून दिले असते, तर ते वहीत राहिले असते. तिच्याच अर्ध्या मिनिटाच्या कृतीतून दाखवले की ते तिचे होते.

सुधारणा सुचवायची असल्यास एका वेळी एकच सुचवावी, आणि पुढच्या भेटीत तिच्याविषयी आठवणीने विचारावे. सुचवून विसरणाऱ्या प्रमुखाच्या सूचना शिक्षिकाही विसरतात.

गुणवत्तेच्या मोजपट्ट्या वापराव्यात का, असाही प्रश्न यासोबत येतो. हार्म्स आणि क्लिफर्ड यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेली पूर्वप्राथमिक वातावरणाची मोजपट्टी आणि तिच्या सुधारित आवृत्त्या अनेक देशांत वापरल्या जातात. केंद्राच्या प्रशासनासाठीही 2004 सालापासून स्वतंत्र मोजपट्टी उपलब्ध आहे. त्या वापराव्यात, पण प्रमुखाने आधी स्वतःच्या कामाला लावून, आणि आलेले गुण कर्मचाऱ्यांना दाखवून.

पालक विचारतात, ‘मूल लिहायला-वाचायला कधी लागणार?’ खेळातून शिकण्याची बाजू ठामपणे कशी मांडावी?

पालकांच्या प्रश्नामागे भीती असते आणि ती बहुधा रास्त असते. पुढच्या शाळेत आपले मूल मागे पडेल ही ती भीती. ‘आम्ही खेळावर विश्वास ठेवतो’ हे उत्तर श्रद्धेसारखे ऐकू येते. त्यापेक्षा मुलाचेच काम समोर ठेवावे. तीन महिन्यांपूर्वीचे गोलगोल रेघोट्यांचे चित्र आणि आजचे चित्र शेजारी ठेवून पेन्सिलीवरची पकड, रेषेवरचा ताबा, चित्राबद्दल मुलाने सांगितलेले आणि ताईंनी खाली जसेच्या तसे लिहून घेतलेले वाक्य यांकडे बोट दाखवावे. बोलणे लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा वाचता येते, हे त्या मुलाला समजले आहे, हे पालकांना तेथे दिसते.

संशोधनाचा दाखला द्यायचा असल्यास पूर्ण द्यावा. पेरी प्रीस्कूल प्रकल्पाचे नाव वारंवार घेतले जाते. मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथे 1962 ते 1967 या काळात तो चालला. गरीब कुटुंबांतील 123 मुलांपैकी 58 मुलांना हा कार्यक्रम मिळाला आणि 65 मुलांना मिळाला नाही. बुद्ध्यंकातील वाढ काही वर्षांत ओसरली, पण पुढे शालेय शिक्षण पूर्ण करणे, कमाई आणि अटकेचे प्रमाण यांत चाळिशीपर्यंत फरक दिसत राहिला. हे सांगताना हेही सांगावे की मुलांची संख्या लहान होती, शिक्षक प्रशिक्षित होते आणि ते दर आठवड्याला घरभेटीही देत. तसेच 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, टेनेसी राज्यातील सुमारे 3000 मुलांच्या अभ्यासाचाही उल्लेख टाळू नये. तेथे शासकीय पूर्वप्राथमिक वर्गांत गेलेली मुले सहावीत चाचण्यांमध्ये इतरांपेक्षा मागे होती आणि त्यांच्याविषयी शिस्तीच्या तक्रारीही अधिक होत्या.

गैरसोयीचा पुरावा स्वतःहून मांडणाऱ्या प्रमुखाचे पुढचे वाक्य पालक अधिक लक्षपूर्वक ऐकतात. ते वाक्य असे असू शकते : ‘मूल कुठल्या ना कुठल्या वर्गात बसवल्याने फायदा होतो असे नाही, वर्गात काय घडते यावर तो ठरतो. म्हणून आमच्या वर्गात एक सकाळ येऊन बसा.’ आणि पालक खरोखर आले, तर त्यांच्यासाठी त्या दिवशी वेगळे काही सजवू नये.

एका मुलाने दुसऱ्याला चावले. दोन्ही पालक संतापले आहेत. अशा वेळी प्रमुखाने काय करावे?

एक ते तीन वर्षांच्या मुलांत चावणे सर्रास आढळते. शब्द अजून पुरेसे नसतात आणि तोंड हे या वयाचे हाताइतकेच वापरातले साधन असते. हे खरे असले तरी ज्या मुलाच्या दंडावर वळ उठला आहे त्याच्या आईला पहिले वाक्य म्हणून हे सांगू नये. पहिले वाक्य मुलाच्या प्रकृतीविषयी असावे, दुसरे काय घडले याविषयी, तिसरे आम्ही काय केले याविषयी. फोन तुम्ही करावा, आणि ती केंद्रात पोहोचण्यापूर्वी करावा. घरी कपडे बदलताना जिने वळ स्वतःच पाहिला ती आई आणि आधी फोन आलेली आई यांच्या रागात बराच फरक असतो.

चावणाऱ्या मुलाचे नाव सांगू नये, कितीही आग्रह झाला तरी. ‘तुमच्या मुलाच्या बाबतीत असे घडले असते, तर मी तुमचेही नाव कोणाला सांगितले नसते’ हे उत्तर त्या क्षणी आवडत नाही, पण नंतर लक्षात राहते. चावणाऱ्या मुलाच्या पालकांना स्वतंत्र बोलवावे, आणि मूल ‘तसले’ आहे असा सूर कुठेही येऊ देऊ नये. घटनेची वेळ, जागा, आधी काय चालले होते, जवळ कोण होते, हे त्याच दिवशी नोंदवहीत लिहावे. अशा तीन-चार नोंदी एकत्र पाहिल्या की बहुधा एकच वेळ किंवा एकच अरुंद कोपरा पुन्हा पुन्हा दिसतो, आणि मग उपाय खेळण्यांच्या संख्येत किंवा जागेच्या मांडणीत सापडतो.

दुखापतीचे कारण केंद्राची हलगर्जी असेल, तर ते शब्द न फिरवता मान्य करावे.

‘मला माहीत नाही’ असे म्हटल्याने मान कमी होतो का?

नाही, पण त्यापुढे ‘परवापर्यंत विचारून सांगते’ असे जोडावे लागते आणि परवा सांगावे लागते. मुलाच्या बोलण्यात उशीर आहे का, तो स्वमग्न आहे का, अशा प्रश्नांवर तर हेच योग्य उत्तर आहे. निदान करणे हे प्रमुखाचे काम नाही. काय पाहिले ते सांगावे आणि तज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला द्यावा.

शिक्षिका घडलेल्या चुका लपवतात. मोकळेपणा कसा येईल?

एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या नेतृत्वाखालील पथकांत औषधांच्या चुका अधिक नोंदल्या गेल्याचे आढळले. पुढचे विश्लेषण असे सुचवत होते की ती पथके चुका जास्त करत होती असे नाही, ती त्या जास्त सांगत होती. ज्या केंद्रात वर्षभर एकही घटनानोंद नाही, तेथे मुले पडत नाहीत असे समजणे भाबडेपणाचे आहे.

मोकळेपणा पहिल्या प्रतिसादावर अवलंबून असतो. ‘ताई, मुलांची मोजणी करायची राहिली आणि एक जण प्रसाधनगृहातच राहिला होता’ असे कोणी येऊन सांगते, तेव्हा तुमच्या तोंडून पहिले वाक्य काय निघते ते पुढच्या आठवडाभरात सगळ्यांना कळते. मूल सुरक्षित आहे ना, हे विचारावे. सांगितल्याबद्दल आभार मानावेत. आणि मग दोघींनी मिळून मोजणीची पद्धत तपासावी. मात्र मोकळेपणा म्हणजे परिणामांतून सुटका नव्हे, हेही तितकेच स्पष्ट असावे. तीच चूक सांगूनही पुन्हा पुन्हा घडत असेल, तर ती वेगळी बाब होते.

एखादी शिक्षिका मुलावर ओरडते किंवा त्याला हिसका देते. मला संघर्षाची भीती वाटते. काय करावे?

येथे थांबण्याची मुभा नाही. त्याच क्षणी वर्गात जावे, शांत आवाजात ‘मी इथे बसते, तुम्ही पाच मिनिटे बाहेर जाऊन या’ असे म्हणून मुलाजवळ बसावे. मुलांसमोर तिला बोलू नये. नंतर, त्याच दिवशी, दार लावून बोलावे. जे पाहिले ते विशेषणांशिवाय सांगावे : ‘तुम्ही तिचा दंड धरून तिला ओढून खाली बसवलेत.’ तिचे म्हणणे पूर्ण ऐकावे, कारण त्यामागे आजारपण, एकटीवर पडलेली मुलांची संख्या किंवा झोप न झालेली रात्र असू शकते, आणि त्यांपैकी काहींची जबाबदारी तुमचीही असते. ऐकून झाल्यावरही हे येथे चालणार नाही, हे वाक्य तसेच राहिले पाहिजे. बालसंरक्षणाचे नियम लागू होत असतील, तर अहवाल देणे ऐच्छिक नसते.

अशा प्रसंगाकडे काणाडोळा केला तर नुकसान त्या एका वर्गापुरते राहत नाही. इतर शिक्षिका, मदतनीस, स्वच्छतेचे काम करणारी व्यक्ती, सगळ्यांनी ते पाहिलेले असते, आणि तुम्ही काय करता तेही सगळे पाहत असतात.

संस्थाचालक वर्गातील मुलांची संख्या वाढवायला सांगतात. त्यांच्यासमोर ठाम कसे राहावे?

भावनेच्या भाषेत ‘मुलांवर अन्याय होईल’ असे म्हणण्याने हिशेब पाहणाऱ्या माणसाचे मत सहसा बदलत नाही. मान्यताप्राप्त प्रमाण, तुमच्या केंद्राचे आजचे प्रमाण आणि वाढीचा परिणाम, हे तीन आकडे एका पानावर न्यावेत. उदाहरणार्थ, अमेरिकेतील लहान मुलांच्या शिक्षणाची राष्ट्रीय संघटना तान्ह्या बाळांसाठी एका प्रौढामागे 4 बाळे आणि चार वर्षांच्या मुलांसाठी एका प्रौढामागे 10 मुले, गटात जास्तीत जास्त 20, असे प्रमाण सुचवते. तुमच्या देशातील नियम वेगळे असतील, तर आधी ते मांडावेत, कारण चालकांना बांधील तेच आहेत.

त्यासोबत वर्षभरात किती शिक्षिका सोडून गेल्या, प्रत्येक जागा किती दिवस रिकामी राहिली आणि त्या काळात किती मुलांचे नाव काढले गेले, हे लिहावे. आणि एखादा पर्याय घेऊनच जावे : ही संख्या हवी असेल, तर एक मदतनीस हवी, ती शक्य नसेल, तर प्रवेश दोन टप्प्यांत द्यावेत. निर्णय विरोधात गेला, तर तो कर्मचाऱ्यांना सांगताना ‘वरून आले आहे, मी काय करू’ असे म्हणू नये. तुम्ही काय मांडले, काय ठरले आणि आता वर्ग कसा चालवायचा, हे तिन्ही सांगावे.

हे काम म्हणजे मुले सांभाळणे, असे म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावे?

फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी 1840 साली आपल्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिले आणि मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये लहान मुलांसाठीची आपली पहिली शाळा उघडली. तेव्हापासून हे वाक्य ऐकू येत आहे आणि पुढेही येत राहील. प्रत्येक वेळी वाद घालण्यात शक्ती घालवू नये. सांभाळणे हा या कामाचा भाग आहेच आणि त्यात कमीपणा काही नाही. नॅपी बदलताना बाळाशी होणारे बोलणे हाही त्याच्या भाषेचा पाठ असतो. एवढे मात्र करावे की केंद्राच्या पत्रांत, फलकांवर आणि आपल्या बोलण्यात आपणच आपल्या कामाला हलके लेखणारे शब्द वापरू नयेत.

मार्गदर्शक असणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण प्रमुखाची खुर्ची एकाकी असते. आपल्या केंद्राबाहेरची, आपल्या पगारावर किंवा बढतीवर जिचा अधिकार नाही अशी एखादी अनुभवी व्यक्ती महिन्यातून एकदा बोलायला मिळाली तरी पुरते. तिच्याशी बोलतानाही मुलांची आणि पालकांची नावे सांगू नयेत.

विश्वासार्हता वाढते आहे, हे कशावरून ओळखावे?

कौतुकावरून ओळखू नये. प्रमुखाच्या तोंडावर कौतुक होतच असते. वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोहोचते ते पाहावे. शिक्षिका असहमती बैठकीत बोलून दाखवतात की बैठकीनंतर फाटकाबाहेर, ते पाहावे. तक्रार घेऊन आलेले पालक तुमचे ऐकून मग पुढचे ठरवतात, की तुमच्याकडे येण्यापूर्वीच पालकांच्या गटात लिहून मोकळे होतात, हेही सूचक आहे. आणि मुलांकडेही पाहावे : तुम्ही वर्गात शिरल्यावर खेळ थांबत असेल, तर तुम्ही अजून पाहुणे आहात.

मी रजेवर गेले की केंद्र विस्कळीत होते. हे माझ्या महत्त्वाचे लक्षण मानावे का?

मानू नये, ते माहिती एकाच डोक्यात साठल्याचे लक्षण आहे. कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाला घरी न्यायला कोण येऊ शकते, आणीबाणीत आधी कोणाला फोन करायचा, बदली शिक्षिका आजारी पडली तर कोणते दोन गट एकत्र करायचे, हे लिखित आणि ठरलेल्या जागी असावे. तुमच्या अनुपस्थितीत निर्णय कोण घेईल हे नावानिशी जाहीर असावे, आणि तिने घेतलेला निर्णय तुम्ही परत आल्यावर क्षुल्लक कारणासाठी फिरवू नये. सुरुवातीला एखादी दुपार मुद्दाम बाहेर राहावे आणि परतल्यावर काय अडले याची यादी तिच्याकडूनच मागावी. पुढच्या रजेपूर्वी त्या यादीतल्या गोष्टी लिहून, दाखवून, चाव्यांसह तिच्या हवाली कराव्यात.